शब्दचर्चा : ‘नफ्स’ला आत्मा म्हणावं का?

रमजानात दाभोळला मित्राकडे गेलो होतो. ओटीवर बसलेलो, खाडीचा वारा सुटलेला, ताटात खजूर मांडलेले, बांगेला थोडा अवकाश. मी मित्राच्या वडिलांना म्हटलं, “चाचा, दिवसभर पाण्याचा घोटही नाही, कठीणच.” ते म्हणाले, “पोट बसतं गप. नफ्स बसत नाही.” घरी येऊन कोश उघडला, तर अर्थ ‘आत्मा’! आत्म्याला गप कसं बसवणार?

— ‘आत्मा’ इथे चालणार नाही. कुराणात (३:१८५, म्हणजे तिसरा अध्याय, आयत १८५) प्रत्येक नफ्स मरणाची चव घेणार म्हटलंय. आपल्या आत्म्याला मरणच नाही. गंमत म्हणजे ‘आत्मचरित्र’, ‘आत्मस्तुती’ यांतला ‘आत्म’ मात्र चपखल बसतो. अरबीत ‘नफ्सुहू’ म्हणजे ‘तो स्वतः’.

चाचांचा नफ्स १२:५३ मधला, ‘अम्मारा’, वाईटाकडे ओढणारा. ७५:२ मधला ‘लव्वामा’ स्वतःलाच बोल लावतो, ८९:२७ मधला ‘मुत्मइन्ना’ निवांत झालेला. सूफी या तिन्हींना एकाच नफ्सच्या पायऱ्या मानतात. इस्लामी विचारवंत गझालीने (मृत्यू ११११) ‘इह्या’ या ग्रंथात नफ्सचे दोन अर्थ सोडवून दाखवलेत : राग आणि वासना जिथून उठतात ते, आणि माणसाचं खरं स्वरूप. तुमच्या कोशाने दुसरा उचलला, चाचांनी पहिला.

— आत्मा ‘रूह’साठी राखून ठेवा. पैगंबरांना रूहविषयी विचारलं तेव्हा १७:८५ मध्ये उत्तर आलं की ती माझ्या रबच्या हुकमातली गोष्ट, तुम्हाला ज्ञान थोडंच दिलंय. म्हणून ‘रूहला आवर’ असं कोणी म्हणत नाही. बाकी दोन्ही शब्द हवेतलेच : रूह आणि रीह (वारा) एका धातूचे, नफ्स आणि नफस (श्वास) एका. आपला ‘प्राण’ही श्वासाचाच.

— मग ‘जीव’ कसा वाटतो? तो जातो, हावरा असतो, त्याचे चोचले पुरवावे लागतात.

— जवळ जातो खरा. पण जीव दुसऱ्यावर जडतो, दुसऱ्याला लावता येतो. नफ्स कोणाला लावणार?

— पटलं. मी ‘नफ्स’च ठेवतो. फक्त तो नफ्स की ती? अरबीत स्त्रीलिंगी, उर्दूत पुल्लिंगी.

— मीच मग चाचांना विचारलं. ते ‘तो’च म्हणतात, घरातल्या वांड पोराबद्दल बोलावं तसं.