ओमेगा स्पीडमास्टर अपोलो ११ (१९६९, सोन्याची आवृत्ती): काळे बेझल असलेले घड्याळ घ्यावे का?

ह्यूस्टनवासी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी गेली १९ वर्षे नोकरीनिमित्त ह्यूस्टनमध्ये राहतो आणि चावीच्या जुन्या घड्याळांचा मला कॉलेजपासून नाद आहे. माझा संग्रह तसा बेताचाच आहे. वडिलांचे एचएमटी जनता आणि तीन-चार साधी स्विस घड्याळे, इतकेच. आता मात्र असा योग आला आहे की, पाऊल उचलण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा असे वाटते.

आमच्या परिचयातील एक वयोवृद्ध अमेरिकन गृहस्थ गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलीला त्यांचे ओमेगा स्पीडमास्टर विकायचे आहे. अपोलो ११ च्या चांद्रविजयाच्या स्मरणार्थ १९६९ साली १८ कॅरेट सोन्यात जी १,०१४ घड्याळे काढली गेली, त्यांपैकी हे एक आहे. संदर्भ क्रमांक बीए १४५.०२२ आहे आणि मागच्या झाकणावर कोरलेला आवृत्तीचा क्रमांक सातशेच्या घरातला आहे. पट्टाही सोन्याचाच आहे. घड्याळ चावी दिल्यावर चालते, क्रोनोग्राफ, म्हणजे त्यातले स्टॉपवॉच, सुरू होतो, थांबतो आणि काटा बरोबर शून्यावर परततो.

मला तीन शंका आहेत. पहिली अशी की, मी आजवर पाहिलेल्या छायाचित्रांत डायलभोवतीचे वेगमापनाच्या आकड्यांचे कडे, म्हणजे बेझल, गडद मरून रंगाचे आहे. या घड्याळाचे मात्र काळे आहे. दुसरी अशी की, सोने आरशासारखे चकाकते आहे आणि ५० वर्षांहून जुन्या वस्तूवर इतकी चकाकी मला खटकते. तिसरी शंका जरा नाजूक आहे. मुलीचे म्हणणे असे की, तिचे वडील अंतराळ कार्यक्रमातील एका कंत्राटदाराकडे अभियंता होते आणि हे घड्याळ त्यांना अंतराळवीरांसाठीच्या मेजवानीत भेट मिळाले. मागितलेली किंमत याच कथेवर आधारलेली आहे. तिच्या प्रामाणिकपणाविषयी मला तिळमात्र संशय नाही, परंतु ही कथा खरी मानावी का? बाजारात कुठून तरी मरून बेझल मिळवून ते बसवून घ्यावे का, हेही सांगावे.

जुनी चावी यांचे उत्तर

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण किंमत तिच्यावरच ठरणार आहे आणि तिचे उत्तर झाकणावर कोरलेलेच आहे.

ती मेजवानी २५ नोव्हेंबर १९६९ रोजी तुमच्याच शहरात, हॉटेल वॉरविकमध्ये झाली. अपोलो १२ चे अंतराळवीर आदल्याच दिवशी समुद्रात उतरले होते, त्यामुळे ते तिथे असणे शक्यच नव्हते. ओमेगाने या आवृत्तीतले पहिले घड्याळ राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी आणि दुसरे उपाध्यक्ष ॲग्न्यू यांच्यासाठी राखले होते. भेटवस्तू फार मौल्यवान असल्याने दोघांनाही ती स्वीकारता आली नाही. निक्सन यांच्यासाठीचे ते पहिले घड्याळ आज स्वित्झर्लंडमधील बील येथील ओमेगाच्या संग्रहालयात आहे. क्रमांक ३ ते २८ ही घड्याळे अंतराळवीरांना दिली गेली आणि त्यांत १९६७ च्या अपोलो १ च्या आगीत मृत्युमुखी पडलेले ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी यांच्या नावाची घड्याळेही होती. हयात नसलेल्या सहकाऱ्यांची नावे त्या यादीतून गळू दिली नाहीत, ही गोष्ट मला या साऱ्या सोहळ्यातली सर्वांत मोठी वाटते.

अंतराळवीरांच्या घड्याळांवर त्यांचे नाव, त्यांच्या मोहिमा आणि अवकाशविजयाचा गौरव करणारे एक वाक्य कोरलेले आहे. क्रमांक ३३ ते १,००० ही घड्याळे मात्र दुकानांतून सर्वसामान्य ग्राहकांना विकली गेली आणि त्यांच्या झाकणावर अपोलो ११, १९६९ हे साल आणि चंद्रावर वापरले गेलेले पहिले घड्याळ असल्याचा उल्लेख असतो. तुम्ही पाहिलेला क्रमांक सातशेच्या घरातला आहे आणि ही आवृत्ती १९७३ पर्यंत टप्प्याटप्प्याने बनत होती. म्हणजे ते गृहस्थ मेजवानीला गेलेही असतील, पण हे घड्याळ तिथे वाटलेल्यांपैकी नव्हे. बहुधा त्यांनी ते स्वतःच्या कमाईतून घेतले असावे आणि घरात मेजवानीची आठवण व घड्याळाची आठवण कालांतराने एकमेकींत मिसळून गेली असावी. असे घराघरांत होते. त्यात कोणाची लबाडी नसते.

हा फरक पैशांत किती पडतो ते पाहा. नील आर्मस्ट्राँग यांचे १७ क्रमांकाचे सोन्याचे स्पीडमास्टर २०२५ साली अमेरिकेतील लिलावात २१ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्या रकमेचा बहुतांश भाग त्या नावाचा आणि निर्विवाद मालकीचा होता. चंद्रावर गेलेली स्टीलची घड्याळे नासाच्या मालकीची होती. सोन्याची घड्याळे अंतराळवीरांना व्यक्तिशः मिळाली, म्हणूनच ती त्यांच्या कुटुंबांकडून लिलावात येऊ शकतात. सातशेच्या घरातल्या घड्याळाला ही मोजपट्टी लावू नये.

पुण्याचा घड्याळजी यांचे उत्तर

मी गेली ३२ वर्षे घड्याळदुरुस्ती करतो. सोन्याचे अपोलो ११ माझ्या टेबलावर दोनदाच आले आहे, तरी त्या दोन वेळा मी त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहत बसलो होतो, म्हणून थोडे सांगतो.

काळे बेझल ही फसवणुकीची खूण समजू नका. मूळ मरून कडे ॲल्युमिनियमचे होते. त्याला खरचटे, त्याचा रंग उडे, आणि सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळाला तेव्हा उपलब्ध असलेले काळे कडे बसवून दिले जाई. त्या काळात कोणी संग्राहकाच्या नजरेने पाहत नव्हते. ग्राहकाला घड्याळ नव्यासारखे हवे असे आणि कारागीर ते तसे करून देई.

तुम्ही दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन डायल पाहा. ती भरीव सोन्याची असते आणि सहाच्या खुणेखाली ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘ओएम’ ही अक्षरे असतात. फ्रेंचमध्ये भरीव सोन्याला जे म्हणतात त्याची ही आद्याक्षरे होत. तासांच्या खुणा सोन्याच्या असून त्यांत ओनिक्स या काळ्या खड्याच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टी तिरप्या उजेडात पाहा. खऱ्या ओनिक्सला खोल, ओलसर चमक असते. निसटलेल्या पट्टीच्या जागी कोणी काळा रंग भरला असेल तर तो कडेला किंचित फुगलेला आणि निस्तेज दिसतो. काच हेसालाइट या प्लास्टिकची असावी आणि तिच्या अगदी मध्यावर ओमेगाचे चिन्ह असावे. काटे जिथे बसतात त्या जागेच्या वर, काचेच्या आतल्या बाजूला ते इतके बारीक असते की घड्याळ हलवत उजेड पकडल्याशिवाय सापडत नाही. सोन्यावर स्विस छाप, म्हणजे हेल्व्हेशियाचे मस्तक, शोधा.

चकाकीबद्दलची तुमची शंका मात्र अगदी रास्त आहे आणि मला काळ्या बेझलपेक्षा तिचीच चिंता वाटते. स्पीडमास्टरच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, चार लग असतात, पट्टा अडकतो ते पाय. त्यांच्यावरून एक धारदार वळणरेष खाली उतरते. सोने मऊ, बफिंगच्या चाकावर दोन-तीनदा धरले की ती रेष साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते आणि गेलेले सोने परत येत नाही. झाकणावरची अक्षरेही उथळ होतात. बोटाचे टोक रेषेवरून फिरवा. धार लागली तर निर्धास्त व्हा, बोट नुसते घसरून गेले तर किंमत त्या मानाने खाली आणा. बेझल बदलता येते, झिजलेली केस बदलता येत नाही.

झाकण उघडायचे झाल्यास मालकीणबाईंच्या समोर आणि सोन्याच्या केसची सवय असलेल्या माणसाकडूनच उघडून घ्या. आत ८६१ क्रमांकाचे मशीन असले पाहिजे, तासाला २१,६०० ठोके देणारे. पुष्कळांना वाटते की आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांच्या घड्याळांतले मशीनच यात आहे, तसे नाही. त्यांची घड्याळे ३२१ मशीनची होती आणि ती तासाला १८,००० ठोके देत. तेव्हा या सोन्याच्या केसमध्ये कोणी तुम्हाला ३२१ काढून दाखवले आणि त्याचे जास्त पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

बीलजवळचा रहिवासी यांचे उत्तर

मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो. मरून बेझल शोधून बसवावे की नाही, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: आज बसवू नये. या कड्यांना मागणी इतकी आहे की त्यांच्या नकलाही विकल्या जातात. घड्याळ आज जसे आहे, ते का तसे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. उद्या त्यावर अज्ञात ठिकाणचे कडे बसले की खरे आणि नंतर जोडलेले यांतली सीमारेषा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलेली असेल. यदाकदाचित खात्रीचे मूळ कडे मिळालेच, तर काळे कडेही जपून ठेवा आणि बदलाची नोंद करून ठेवा.

असे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो ते सांगतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हातील लिलावात १९५७ सालच्या धाटणीचे, २९१५-१ या संदर्भाचे एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. घेणारे होते खुद्द ओमेगाचे संग्रहालय. पुढे २०२३ साली ओमेगानेच जाहीर केले की ते घड्याळ वेगवेगळे सुटे भाग जमवून उभे केलेले होते आणि त्या प्रकरणात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्या घराने ते घड्याळ जन्माला घातले, त्याच घराची फसगत झाली. मग आपण सामान्य संग्राहकांनी किती सावध असले पाहिजे? म्हणून केवळ कागदावर विसंबू नये आणि केवळ घड्याळावरही विसंबू नये. मशीनवरचा अनुक्रमांक, झाकणावरचा आवृत्ती क्रमांक आणि हाती असलेली कागदपत्रे एकमेकांशी जुळली पाहिजेत.

नवे मरून कडेच डोळ्यांत भरले असेल, तर २०१९ ची सुवर्णमहोत्सवी आवृत्तीही विचारात घ्या. तीही १,०१४ नगांचीच आहे. मूनशाइन गोल्ड या फिकट पिवळ्या मिश्रधातूची, सिरॅमिकच्या मरून बेझलची, ३८६१ मशीनची. मागच्या बाजूला चंद्राच्या जागी खऱ्या चांद्र-अशनीचा तुकडा बसवलेला आहे. रोज वापरायला ती नक्कीच सोयीची आहे. तरीही निवड माझ्याकडे असती तर मी १९६९ च्या मालिकेतले, कोणी मनगटावर वागवलेले घड्याळ घेतले असते.

गिरगावकर यांचे उत्तर

घड्याळांतले मला फारसे कळत नाही, परंतु तो काळ मी पाहिला आहे. ह्यूस्टनच्या त्या मेजवानीच्या महिनाभर आधी, २६ ऑक्टोबर १९६९ रोजी, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगप्रवासात मुंबईला आले होते. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावर बसून मी गर्दीच्या पलीकडे पाहत होतो आणि दूरवर हलणाऱ्या हातापलीकडे मला काही दिसले नाही. तरी घरी आल्यावर आठवडाभर मी आळीत सगळ्यांना सांगत होतो की, आर्मस्ट्राँगने मलाच हात केला. त्या बाईंच्या वडिलांच्या कथेकडे म्हणूनच जरा मायेने पाहावे, इतकीच विनंती.

ह्यूस्टनवासी यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा जाऊन भिंगाखाली घड्याळ पाहिले. ‘ओएम’ ही अक्षरे आहेत, ओनिक्सच्या सर्व पट्ट्या शाबूत आहेत, काचेतले चिन्हही बऱ्याच खटपटीने सापडले. दोन लगांवर बोटाला धार लागते, उरलेले दोन गुळगुळीत आहेत.

मेजवानीविषयी मी बाईंशी बोललो, पण जपून. त्यांनी वडिलांचे कागद ठेवलेला पत्र्याचा डबा काढला. त्यात हमीपत्र निघाले; त्यावर इथल्याच एका दुकानाचा शिक्का, १९७१ ची तारीख आणि वडिलांची सही आहे. त्या ते बराच वेळ हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या की, त्या वर्षी घरात नवी गाडी घ्यायची ठरले होते आणि ती का आली नाही हे आईला कधीच कळले नाही. किंमत त्यांनी आपणहून खाली आणली.

येत्या शनिवारी त्यांच्या उपस्थितीत झाकण उघडून मशीनवरचा अनुक्रमांक हमीपत्राशी ताडून पाहणार आहोत. तो जुळला तर घड्याळ घेईन, काळ्या बेझलसकट. आणि हमीपत्राची एक रंगीत प्रत त्यांच्यासाठी करून ठेवीन.