टेबलावरून सुटलेली गोळी गणितापेक्षा अलीकडे का पडते?

प्रयोगवही:
अकरावीचा प्रकल्प आहे. १९ मिमी व्यासाची पोलादी गोळी अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीतून सोडतो. पन्हळीचं खालचं टोक टेबलाच्या कडेला आडवं आहे. गोळी आधी २० सेंमी उतरते, मग ८० सेंमी खाली फरशीवर पडते. सगळी स्थितिज ऊर्जा गतिज झाली असं धरलं तर वेग १.९८ मी/से, पडायला ०.४०४ सेकंद, म्हणजे पल्ला ८० सेंमी. कार्बन पेपरचे ठिपके मात्र दर वेळी ६४ सेंमीच्या आसपास. हवेचा विरोध इतका असतो?

ओळंबा:
हवेमुळे फार तर मिलिमीटरभर फरक पडेल. खरं कारण, गोळी घसरत नाही, घरंगळते. भरीव गोळा सपाट उतारावर घरंगळला की ऊर्जेच्या सात वाट्यांपैकी पाच पुढे जाण्यात जातात, दोन स्वतःभोवती फिरण्यात. वेग = √(१०/७ × ९.८ × ०.२) = १.६७ मी/से, पल्ला ६७.६ सेंमी.

वहीत ‘ऊर्जा घर्षणात गेली’ असं कृपया लिहू नका. न घसरता घरंगळताना टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे घर्षण ऊर्जा खात नाही, नुसती वाटणी करतं. कड सुटल्यावर गुरुत्वबल केंद्रातूनच जातं, म्हणून फिरणं तसंच राहतं आणि ते दोन वाटे पल्ल्याला मिळत नाहीत.

प्रयोगवही:
तरी साडेतीन सेंमी उरतात. पन्हळ आतून १० मिमी रुंद आहे, गोळी दोन काठांवर चालते.

उतरण:
मग उत्तर त्या काठांतच आहे. गोळीची त्रिज्या ९.५ मिमी, पण काठांना जोडणाऱ्या रेषेपासून केंद्राचं अंतर √(९.५² − ५²) = ८.१ मिमी. तेवढ्याच वेगाने पुढे जायला गोळीला जास्त गरगरावं लागतं. पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या तुलनेत फिरण्याचा वाटा ०.४ (पाचास दोन) ऐवजी ०.४ × (९.५/८.१)² = ०.५५, म्हणजे एकूण १ + ०.५५ = १.५५. वेग = √(३.९२/१.५५) = १.५९ मी/से, पल्ला ६४.२ सेंमी. तुमचे ठिपके बरोबर आहेत!

टोक आडवं आहे ना, हे गोळी तिथे ठेवून बघा: ती जागची हलता कामा नये. टोक २ अंश जरी खाली झुकलं तरी ९ मिमी जातात. पल्ला मोजायचा तो टोकावरून सोडलेल्या ओळंब्यापासून. २० सेंमी उंचीही गोळीच्या तळापासून तळापर्यंतच घ्या. गोळी बोटाने सोडू नका, पुढे पट्टी आडवी धरून झटकन काढा. उतार २५ अंशांच्या आत ठेवा, फार खडा असेल तर गोळी घसरू लागते आणि वरचं गणित लागू होत नाही.

ओळंबा:
एक जोड. १६०८ च्या सुमारास गॅलिलिओने अशीच मापं घेतली होती. त्याने एका उंचीच्या पल्ल्यावरून बाकीचे काढले, त्यामुळे फिरण्याचा गुणक आपोआप कटला. तुम्हीही ५, १०, १५, २० सेंमी उंचीला पल्ला मोजा आणि पल्ल्याचा वर्ग उंचीसमोर मांडा. सरळ रेषा यायला हवी. तिचा चढ (न फिरता नुसत्या घसरणाऱ्या गोळीच्या) ३.२ मी. ऐवजी २.०६ मी. आला, तर उतरणचा १.५५ प्रयोगातूनच सिद्ध झाला.