मदत हवी आहे: लाईन गेल्यावर मशीन स्लीपला टाकलं की डार्कटेबलला ग्राफिक्स कार्ड सापडत नाही

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडच्या एका गावात राहतो आणि लग्नाचे फोटो काढतो. साक्षगंधापासून बिदाईपर्यंत सगळं. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसा बाहेर उभं राहवत नाही, त्यामुळे बरेच कार्यक्रम रात्रीचेच. मांडवात एका बाजूला पिवळा हॅलोजन, दुसऱ्या बाजूला डीजेचे जांभळे एलईडी. हळद लागलेल्या नवरीचा एक गाल केशरी आणि दुसरा वांग्यासारखा दिसतो, वरून अंधारामुळे आयएसओ ६४००, म्हणजे फोटोभर दाणे (नॉइज). जेपेगमध्ये हे सुधरत नाही. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उघडून रंग आणि नॉइज दोन्ही बसवावेच लागतात, कारण तो चेहरा त्या घरात पुढची पन्नास वर्षं पाहिला जाणार आहे.

काम लिनक्स मिंटवर, डार्कटेबल या रॉ फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये करतो. आधी सगळा भार प्रोसेसरवर होता. नॉइज काढायचं मॉड्यूल लावलं की २४ मेगापिक्सलचा एक फोटो एक्सपोर्ट व्हायला पाऊण मिनिट जायचं. म्हणून जुनं ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) घेतलं, एनव्हीडियाचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबीचं. हेच का घेतलं, तर ते ७५ वॉटमध्ये चालतं, त्याला एसएमपीएसमधून (मशीनच्या पॉवर सप्लायमधून) वेगळी वायर लागत नाही, आणि माझ्या इन्व्हर्टरला तेवढंच झेपतं.

बसवताना एक अडचण आली ती आधी सांगतो, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. ड्रायव्हर मॅनेजरमधून कंपनीचा ड्रायव्हर टाकला, त्यानं एक पासवर्ड विचारला, मी दिला. रीस्टार्टला निळा स्क्रीन आला आणि मी घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं. मग स्क्रीनवर सगळं मोठं मोठं दिसायला लागलं आणि कार्डाचा पत्ताच नाही. सिक्युअर बूट (मंजुरी नसलेला ड्रायव्हर चढू न देणारी सोय) चालू असल्यामुळे असं झालं. त्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा होता. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, या वेळी नीट केलं, आणि कार्ड लागलं. डार्कटेबलच्या प्रेफरन्सेसमध्ये ओपनसीएलची (कार्डाकडून गणितं करून घ्यायची सोय) खूण करता आली आणि तोच फोटो सात-आठ सेकंदांत निघायला लागला.

आता खरा प्रश्न.

आमच्याकडे रात्री लाईन जाते. इन्व्हर्टरवर घरातले पंखे चालवायचे असतात, बाबांना उकाडा सहन होत नाही, म्हणून लाईन गेली की मी मशीन स्लीपला टाकतो. लाईन आली की उठवतो. उठवल्यावर सगळं जसंच्या तसं दिसतं, पण डार्कटेबल बंद करून पुन्हा उघडलं की ओपनसीएलची ओळ करडी झालेली असते, खूण करताच येत नाही. ओपनसीएल तपासणारी डार्कटेबल-सीएलटेस्ट ही कमांड चालवली तर एकही डिव्हाइस नाही म्हणतं. आणि कोड्यात पाडणारी गोष्ट ही, की कार्डाची माहिती दाखवणारी एनव्हीडिया-एसएमआय ही कमांड चालवली तर त्यात कार्ड नावासकट, तापमानासकट दिसतं! मशीन रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. पण एका रात्रीत लाईन तीनदा गेली तर तीनदा रीस्टार्ट करत बसायचं का? परवा तर हे लक्षातच आलं नाही. एक्सपोर्ट लावून झोपलो, आणि सकाळी उठून पाहतो तर निम्मे फोटोही झाले नव्हते, कारण सगळं प्रोसेसरवरच चाललं होतं.

कार्ड वापरायची परवानगी देणाऱ्या व्हिडिओ आणि रेंडर या लिनक्सच्या दोन्ही ग्रुपमध्ये मी आहे, ते तपासलंय. कार्ड जुनं घेतलं म्हणून ते खराब असेल का, ही धास्ती आहे. दुसरं, डार्कटेबलचं 'डिफ्यूज ऑर शार्पन' हे मॉड्यूल लावलं की वेग एकदम पडतो. ४ जीबी कमी पडते का? लग्नाचा सीझन डोक्यावर आहे, कृपया कोणी सांगा.

प्रतिसाद:

भाऊ, कार्ड चांगलं आहे, काळजी सोडा. एसएमआय थेट ड्रायव्हरच्या मुख्य मॉड्यूलला विचारतं, म्हणून त्याला कार्ड दिसतं. ओपनसीएलची गणितं मात्र यूव्हीएम नावाच्या वेगळ्या मॉड्यूलमधून जातात आणि स्लीपमधून उठल्यावर तेच अडकून बसतं. लगेचचा उपाय असा: डार्कटेबल बंद करा, टर्मिनलमध्ये सुडो लावून आरएममॉडनं एनव्हीडिया_यूव्हीएम काढा आणि मॉडप्रोबनं तेच पुन्हा चढवा. रीस्टार्ट लागत नाही. 'इन यूज' असं उत्तर आलं तर एखादा प्रोग्रॅम अजून कार्ड धरून आहे, बहुतेक ब्राउझर. तो बंद करा.

कायमचं करायचं असेल तर मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून त्यात ड्रायव्हरचा 'प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी अलोकेशन्स' हा पर्याय १ करा, आणि सिस्टमसीटीएलनं एनव्हीडिया-सस्पेंड व एनव्हीडिया-रिझ्यूम या दोन सर्व्हिस चालू आहेत ना ते बघा. मग इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल) अपडेट करून एकदाच रीस्टार्ट. यानंतर स्लीपला जाताना कार्डातली मेमरी डिस्कवर उतरवली जाते, तेव्हा तेवढी जागा मोकळी ठेवा.

४ जीबीचं म्हणाल तर मेमरी पुरली नाही की डार्कटेबल फोटोचे तुकडे करून एकेक तुकडा कार्डावर पाठवतं. 'डिफ्यूज'ला तुकड्यांच्या कडा एकमेकांवर बऱ्याच घ्याव्या लागतात, म्हणून वेळ जातो. एक्सपोर्टच्या वेळी ब्राउझर उघडा ठेवू नका, तोही त्याच ४ जीबीतला वाटा खातो. आणि डार्कटेबल टर्मिनलमधून 'डी ओपनसीएल, डी पर्फ' लावून सुरू करा. कोणतं मॉड्यूल जीपीयूवर गेलं, कोणतं सीपीयूवर, ते प्रत्येक ओळीत लिहून येतं. झोपायच्या आधी तेवढं बघून घ्यायचं.

अजून एक. या पिढीच्या कार्डांना ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे. त्याच्या पुढची टाकू नका.

धागाकर्ता:

भाऊ, खूप खूप आभार. आधी हातानं करून पाहिलं. पहिल्यांदा 'इन यूज' आलं, ब्राउझर बंद केला, मग मॉड्यूल निघालं आणि सीएलटेस्टमध्ये कार्ड परत आलं. नंतर फाइल करून कायमचा बंदोबस्त केला. सस्पेंडची सर्व्हिस चालू होती, रिझ्यूमची बंद होती, ती चालू केली.

काल रात्री साडेअकराला वारं सुटलं आणि लाईन गेली. मशीन स्लीपला टाकलं. पावणेदोनला लाईन आली तेव्हा उठवलं, टर्मिनलमधून डार्कटेबल सुरू केलं. नॉइजच्या ओळीपुढे जीपीयू लिहून आलं, तेव्हाच एक्सपोर्ट लावला. 'डिफ्यूज' आता सगळ्या फोटोंना लावत नाही, फक्त अल्बममध्ये मोठ्या छापायच्या तीसेक फोटोंना लावतो. सकाळी सहाला चहा घेऊन बसलो तेव्हा पूर्ण लग्न निघालेलं होतं. आज दुपारी पेनड्राइव्ह घेऊन यवतमाळला लॅबमध्ये जातोय.