ग्रामसभा ‘तहकूब’ झाली म्हणतात. ठराव आणि खर्चाचे कागद नेमके कुठे बघायचे?

शिवारकर (प्रश्न)

रामराम मंडळी. साधारण २,२०० मतदारांची ग्रामपंचायत आहे. १५ ऑगस्टची ग्रामसभा गणपूर्तीअभावी (किमान हजेरी न भरल्याने) तहकूब केली, म्हणजे पुढे ढकलली, असं सांगितलं गेलं. पुढे आठवड्याभरात ती परत झाली म्हणे. दवंडी ऐकल्याचं गल्लीत कुणी सांगत नाही. त्याच सभेत सिमेंट काँक्रीट रस्त्याचा ठराव झाला, आणि आता रस्ता तयारही आहे. कामाचा फलक नाही. दप्तर मागितलं की उत्तर एकच, “भाऊसाहेब (ग्रामसेवक) आज दुसऱ्या गावाला गेलेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे.”

विचारायचं इतकंच: सभेची खबर किती दिवस आधी द्यावी लागते? तहकूब सभेत नवा विषय घेता येतो का? आणि रस्त्यावर किती खर्च झाला हे बघायला कुठला कागद मागायचा? राहायला पुण्यात आहे, नाव अजून गावच्या यादीत आहे.

चावडीवाचक

तुमचं नाव गावच्या मतदार यादीत आहे, म्हणजे तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. कुठे राहता याने फरक पडत नाही. नाव पुण्याला हलवलं की सभेतला हक्क जाईल, कागद मागायचा हक्क मात्र राहील, कारण तो भारताच्या कुठल्याही नागरिकाला आहे.

आता नियम. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. प्रथेने त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या आसपास होतात. नोटीस साधारण सभेसाठी ७ दिवस आधी आणि विशेष सभेसाठी ४ दिवस आधी. नोटिशीवर जागा, वेळ आणि विषय लिहिलेले हवेत, ती चावडीवर, फलकावर डकवायची आणि वर दवंडी द्यायची. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे नोटीस नव्हे, कितीही निळ्या खुणा आल्या तरी.

गणपूर्ती: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी आकडा. तुमच्याकडे १५ टक्के म्हणजे ३३० होतात, म्हणून लागतात फक्त १००. झेंडावंदनाला शाळेत जमलेली माणसं तिथेच थांबवली तरी बऱ्याच गावांत एवढा आकडा सहज गाठतो. तहकुबी खरंच गर्दीअभावी झाली की सोयीसाठी, हे हजेरी नोंदवहीवरून कळेल.

तहकूब सभेचा नियम दुधारी आहे. परत भरलेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही, वीस जणांतही ठराव होतो. पण विषय मूळ नोटिशीवरचेच घ्यायचे, नवा विषय घेता येत नाही. म्हणून पहिलं काम: १५ ऑगस्टची मूळ नोटीस मिळवा आणि रस्त्याचा विषय तिच्यावर आहे का ते बघा. नसेल आणि इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली आला असेल, तर खोट तिथेच आहे.

एक गोष्ट लोक विसरतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. तिचं इतिवृत्तही मागा. ते तयार नसेल किंवा एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत दोन्ही सभा उतरवलेल्या दिसल्या, तर उरलेल्या कागदांकडे जरा बारकाईने बघावं लागेल.

नोंदवही३३

“खर्चाची माहिती द्या” असं मागितलं की एका पानाचा गोषवारा हातात पडतो. त्यापेक्षा नोंदवहीचा नंबर सांगून मागा. ग्रामपंचायतीचा हिशेब महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता, २०११ प्रमाणे ठेवतात आणि त्यात नमुना १ ते ३३ ठरलेले आहेत. घरपट्टीमुळे नमुना ८ सगळ्यांना माहीत असतो. तुमच्या कामाचे हे:

नमुना १ हे वर्षाचं अंदाजपत्रक. रस्त्यासाठी तरतूद होती का ते इथे दिसतं. नसेल तर नमुना २ बघा. एका शीर्षावरचा पैसा दुसरीकडे वळवला असेल तर तो पुनर्विनियोजन म्हणून तिथे यायला हवा. नमुना ५ ही सामान्य रोकड वही, पैसे कोणत्या तारखेला, कुणाला, कोणत्या प्रमाणकाने (व्हाउचरने) गेले ते तिच्यात. नमुना १२ म्हणजे ते प्रमाणक, त्याला बिल जोडलेलं असतं. नमुना २० मध्ये कामाच्या अंदाजाची आणि मोजमापाची नोंद. आणि नमुना २३, रस्त्यांची नोंदवही.

हा २३ नंबर कुणी मागत नाही. एकच गल्ली एका वर्षी ‘मारुती मंदिर ते पाण्याची टाकी’ आणि पुढच्या वर्षी ‘अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर’ अशा दोन नावांनी, दोन वेगळ्या निधीतून झालेली दिसू शकते. वित्त आयोग, जनसुविधा, २५१५ (गावातल्या मूलभूत सुविधांसाठीचं राज्याचं लेखाशीर्ष), आमदार निधी, पैसा अनेक वाटांनी येतो आणि प्रत्येकाची फाईल वेगळी. रस्त्यांची नोंदवही नीट भरलेली असेल तर लांबी जुळते की नाही ते लगेच कळतं. कोरी असेल तर लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप असायला हवा.

वित्त आयोगाच्या पैशासाठी आधी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ उघडा. लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं निवडत गेलात की मंजूर आराखडा आणि खर्चाचे अहवाल दिसतात. १५ व्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ४० टक्के अबंधित. रस्ता अबंधितमधूनच व्हायला हवा. बंधितमधून रस्ता दाखवला असेल तर तिथेच थांबून विचारा.

संकेतस्थळावर घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची वसुली, म्हणजे स्वनिधी, शोधण्यात वेळ घालवू नका. त्यासाठी नमुना ५ आणि २६ (महिन्याचं जमा-खर्च विवरण) हेच कागद. स्वनिधीतले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. त्यातला मागासवर्गीय आणि महिला-बालकल्याणाचा हिशेब नमुना २८ मध्ये सापडतो.

कोर्टफीदहा

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून द्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. रोख पैसे देऊ नका, पावतीपुस्तक संपलेलं असतं.

महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. “गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती” असा अर्ज हमखास अडकतो. तुमच्यासाठी मजकूर असा पुरे:

“दि. १५ ऑगस्ट रोजीची ग्रामसभा व तिची तहकूब सभा यांच्या नोटिसा, दवंडी दिल्याची नोंद, हजेरी नोंदवहीची संबंधित पाने आणि इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.”

रस्त्यासाठी दुसरा अर्ज: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, देयक, पूर्णत्वाचा दाखला, कामाच्या टप्प्यांचे फोटो. ‘का केलं’ असा प्रश्न अर्जात लिहायचा नाही. कायद्यात आहे ती माहिती देण्याची जबाबदारी, खुलासा देण्याची नाही, आणि तेवढ्या एका वाक्यावर अख्खा अर्ज निकाली काढतात.

प्रत पानाला २ रुपये. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढे ती फुकट द्यावी लागते (कलम ७(६)). नंतर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलीय अधिकारी सहसा पंचायत समितीतले विस्तार अधिकारी (पंचायत) किंवा गटविकास अधिकारी. पदनाम कार्यालयातल्या फलकावर हवं. त्यांचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथे थांबावं फार लागतं. म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी चुकवू नका, बरेचसे कागद तिथेच टेबलावर येतात.

प्रती घेण्याआधी अवलोकन मागितलं तर आणखी बरं. अर्जात “अभिलेख पाहण्यासाठी तारीख व वेळ द्यावी” एवढंच लिहा. पहिल्या तासाला शुल्क नाही. नोंदवही अख्खी समोर असली की मधलं फाटलेलं पान, खाडाखोड, मागून घुसवलेली ओळ दिसते. झेरॉक्समध्ये ती दिसत नाही.

दोनगावांचाभार

भाऊसाहेबांची बाजूही मांडतो. आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण एकाकडे दोन-तीन गावं असणं तसंच चालू आहे. “दुसऱ्या गावाला गेलेत” हे बहुतेक वेळा खरंच असतं. मात्र कोणत्या दिवशी कोणत्या गावात बसणार याचा फलक कार्यालयाबाहेर असावा. नसेल तर तोच मुद्दा लेखी द्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या. तोंडी मागणीची नोंद कुठेच राहत नाही.

दुसरं, मोजमाप पुस्तिका मागितल्यावर “आमच्याकडे नाही” आलं तर लगेच लपवाछपवी समजू नका. ती बऱ्याचदा बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याकडे असते. पण “नाही” म्हणून अर्ज परत करायचा नसतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे तो ५ दिवसांत संबंधित कार्यालयाकडे वर्ग करून तुम्हाला कळवायचा असतो.

आणि वरच्या मंडळींशी थोडा मतभेद. सुरुवातीलाच माहिती अधिकार टाकला की गावात दोन गट उभे राहतात आणि कागद आणखी आत जातात. आधी पुढच्या ग्रामसभेसाठी विषय लेखी द्या: “मागील सभेच्या इतिवृत्ताचे वाचन व रस्ताकामाचा जमाखर्च.” ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी उत्तरांसह ठेवावीच लागते. टिप्पणी वाचायला लावा. “प्रमाणक सादर नाही”, “मोजमाप नोंद नाही” असे आक्षेप सरकारच्याच माणसाने लिहिलेले असतात. तुम्हाला आरोप करायची गरज उरत नाही, वाचून दाखवलं तरी पुरे.

कोर्टफीदहा

मान्य, पण एकामागून एक कशाला? विषयाचं पत्र आणि अर्ज एकाच दिवशी द्या. पुढची सभा दीड महिना लांब असेल तर ३० दिवसांची मुदत तिच्या आत संपते आणि सभेत कागद हातात घेऊन उभं राहता येतं.

शिवारकर

भरपूर मिळालं, आभार. दोन्ही अर्ज देतो. मोजमाप पुस्तिका आली तर तिच्यात बघायचं काय? आकडेच आकडे असणार.

नोंदवही३३

चार आकडे बघा: लांबी, रुंदी, जाडी, घनमीटर. समजा नोंद १०० मीटर × ३ मीटर × ०.१५ मीटर आहे, म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. लांबी-रुंदी टेपने स्वतः मोजता येते. जाडीत खरी गोम असते. १५ सेंटिमीटरच्या जागी १० टाकली तर लागतं ३० घनमीटर; पंधरा घनमीटर, म्हणजे बिलातला तिसरा हिस्सा, जमिनीवर नाहीच. वरून रस्ता मात्र तसाच दिसतो.

कडेला पट्टी लावून जाडी मोजू नका. कडेला दिसते ती साच्याच्या फळीची उंची, तिथे १५ असतेच. खालची माती सपाट न करता मध्ये उंचवटा ठेवला की मधली जाडी कमी होते. तोटी किंवा गटाराच्या जोडणीसाठी रस्ता कुठे फोडलाय का ते शोधा, तिथे खरा छेद दिसतो. तसं काही नसेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) खाली कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागता येतो, मग अभियंत्यासमक्ष कोअर (काँक्रीटचा गोल कापून काढलेला नमुना) काढून घ्या. मनाने छिद्र पाडायला जाऊ नका, सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा तुमच्याच अंगावर येईल.

तारखाही ओळीने लावा. कार्यारंभ आदेश ठरावाच्या आधीचा, किंवा मोजमाप काम सुरू होण्याच्या आधीचं, असं काही आढळलं तर जाडी मोजायच्या आधी तेच विचारा.

चावडीवाचक

सभेला जाल तेव्हा हजेरी नोंदवहीवर सही करताना वरची ओळ रिकामी नाही ना ते बघा आणि सहीशेजारी वेळ टाका. मागून घरोघरी फिरवून घेतलेल्या सह्या त्यामुळे वेगळ्या ओळखू येतात. ठराव झाला की सूचक आणि अनुमोदकाचं नाव तिथल्या तिथे लिहिलं का ते विचारा. इतिवृत्त “नंतर सवडीने लिहू” म्हणाले, तर ते त्याच जागी वाचून दाखवावं आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारून अध्यक्षांची सही घ्यावी, अशी मागणी उभं राहून करा. ती मागणीही इतिवृत्तात नोंदवायला सांगा.