कोळंबी, काजू, बांगडा... ॲलर्जीची तपासणी केलेल्यांनी अनुभव लिहा

रत्नागिरीहून लिहितेय. भाच्याने कोळंबीचं कालवण खाल्लं की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. घरात ‘उष्ण पडलं’ म्हणून विषय मिटतो. गेल्या लग्नात मात्र त्याला धाप लागली, तेव्हा सगळे टरकले. आता नीट तपासून घ्यायचंय. कुणी कोणती टेस्ट केली, निकालानंतर जेवणात काय बदललं, ते लिहा. मासळीचंच हवं असं नाही. घरगुती उपाय मात्र नकोत, ते आमच्या आजीकडे पोत्याने आहेत.

मालवण
माझी स्किन प्रिक टेस्ट झाली. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेशी एकेक थेंब आणि त्यातून बारीक टोच. रक्त येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा (अंगावर गांध, खाज आणणारं रसायन), तो उठलाच पाहिजे. एक सलाइनचा, तो उठता कामा नये. नाहीतर बाकीचं वाचून उपयोग नाही. पंधरा-वीस मिनिटं खाजवायचं नाही, हीच खरी शिक्षा! मग पट्टीने गांध मोजतात. सलाइनपेक्षा किमान 3 मिमी मोठी असली तर पॉझिटिव्ह.

कोळंबी आणि कुर्ली उठली, सुरमई-बांगडा नाही. धुळीतले माइट्सही (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) उठले. डॉक्टर म्हणाले, कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन माइट्समध्येही जवळपास तसंच असतं, म्हणून दोन्ही बरेचदा जोडीने येतात. पण नुसती गांध उठली म्हणजे ॲलर्जी ठरत नाही, खाल्ल्यावर काय होतं तेही जुळावं लागतं. मासे खाते मी, फक्त कोळंबी तळलेल्या तेलातले नाहीत. सोडे आणि जवळाही बंद. सासूबाई अजून म्हणतात, “आमच्यात कोणाकच नाय, तुकाच कशी काय?”

अलिबाग
आमच्याकडे उलटं झालं. एका लॅबच्या जाहिरातीवरून नवऱ्याने रक्त दिलं, भलीमोठी यादी आली: तांदूळ, नारळ, हळद, चिंच सगळं लाल रंगात. हे काढल्यावर आगरी माणसाने खायचं काय? ॲलर्जीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उलटून पाहिला आणि म्हणाले, हे आयजीजी आहे, रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार. तो पदार्थ तुमच्या पोटात जातो, एवढंच यातून कळतं. ॲलर्जीसाठी आयजीई हा दुसरा प्रकार बघतात, तेही ज्याचा संशय आहे त्याच पदार्थाचं. पैसे गेले ते गेलेच, पण तोवर घरात भात शिजणं बंद होतं त्याचा राग जास्त.

हर्णै
बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि चेहरा लालबुंद, डोकं ठणकायला लागलं. मला वाटलं, झालं, मासे सुटले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: ताटावरच्या बाकीच्यांना काही झालं का? झालं होतं की, भावाला आणि वहिनीलाही. बर्फाशिवाय राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. माझी माशांची टेस्ट निगेटिव्ह आली. आता मासळी घेताना बर्फ आधी बघतो, डोळे-कल्ले नंतर.

वेंगुर्ला
काजू सोलायला जाते, हाताला फोड यायचे. टरफलातल्या तेलाने. त्यासाठी टोचत नाहीत, पाठीवर पट्ट्या चिकटवून 48 तासांनी काढतात, नंतर परत एकदा बघतात. काजूगर खाल्ल्यावर मला काही होत नाही. आंब्याच्या चिकाने मात्र होतं, झाडं एकाच कुळातली ना.

रत्नागिरी (धागाकर्ती)
सगळ्यांना धन्यवाद. मालवणच्या ताई, टेस्टच्या आधी गोळ्या बंद कराव्या लागतात का? भाचा सर्दीसाठी सेट्रिझिन ही ॲलर्जीवरची गोळी घेतो.

मालवण
हो, साधारण आठवडाभर आधी, नाहीतर गांधच उठत नाही. पण डॉक्टरांना विचारूनच, आणि दम्याचा पंप असेल तर तो मनाने थांबवू नका. धाप लागली होती हे त्यांना सगळ्यात आधी सांगा. असा झटका परत आला तर ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, सेट्रिझिनवर भागत नाही. ते तुमच्या जवळच्या दवाखान्यात असतं का, हे आत्ताच विचारून ठेवा.