मदत हवी आहे: विली ब्लायशर यांची १९६३ च्या संपातली भाषणं

नमस्कार मंडळी. कामगार चळवळीवरच्या मराठी लेखमालेसाठी जर्मन कामगार नेते विली ब्लायशर (१९०७–१९८१) यांच्यावर लिहितोय. नाझीविरोधी कामामुळे १९३६ मध्ये अटक, पुढे १९४५ पर्यंत बुखेनवाल्ड छळछावणी. तिथे कैद्यांच्या सामानाच्या कोठारात काम करताना त्यांनी इतर कैद्यांसोबत श्टेफान त्स्वाइग या तीन वर्षांच्या मुलाला वाचवलं. आउश्वित्झ या मृत्युछावणीत पाठवायच्या कैद्यांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं गेलं आणि त्या जागी विली ब्लूम या सोळा वर्षांच्या सिंती (रोमा लोकांपैकी एक समाज) मुलाचं नाव चढलं. ही बाजू मी लेखात ठेवणारच. ती गाळणं अन्यायाचं होईल.

छावणीचा भाग झालाय. नाझी छळाच्या बळींच्या नोंदी जपणाऱ्या आरोलसेन अभिलेखागाराची ऑनलाइन कागदपत्रं आणि बुखेनवाल्ड स्मारकाची माहिती वाचली आहे. अडलंय ते पुढे. ब्लायशर १९५९ ते १९७२ इ.गे. मेटाल या जर्मन धातुकामगार संघटनेचे श्टुटगार्ट विभागप्रमुख होते. १९६३ च्या संपात आणि टाळेबंदीत समोर मालकांच्या बाजूने हान्स मार्टिन श्लायर, म्हणजे एकेकाळचा एसएस (नाझींची निमलष्करी संघटना) अधिकारी! लेखाचा गाभा हाच आहे, म्हणून मला त्या दिवसांतली ब्लायशर यांची मूळ भाषणं हवीत, नंतरच्या आठवणी नकोत.

संघटनेची जुनी कागदपत्रं बॉनला फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानच्या अभिलेखागारात आहेत. मी पुण्यात असतो, जर्मनीला जाणं शक्य नाही. छापील जर्मन वाचता येतं, जुनं हस्ताक्षर नाही. थोडा खर्च करायची तयारी आहे.

तिथून कुणी घरबसल्या स्कॅन मागवलेत का? अर्जात नेमकं काय लिहावं लागतं, आणि मराठीत उतारे छापायला वेगळी परवानगी लागते का?