ऑस्ट्रेलियाचा ४८२ व्हिसा: करारातील पगार आणि खर्चाच्या कलमांबद्दल सल्ला हवा

चंद्रपूरकर:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ चंद्रपूरजवळच्या एका खुल्या कोळसा खाणीत कंत्राटदाराकडे डंपर आणि लोडर दुरुस्तीचे काम गेली आठ वर्षे करत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने त्याला डिझेल मेकॅनिक म्हणून ४८२ व्हिसावर (मालकाच्या प्रायोजकत्वावर मिळणारा तात्पुरता कामाचा व्हिसा) बोलावण्याची तयारी दाखवली असून कराराचा मसुदाही पाठवला आहे. मसुद्यात "सुपरॲन्युएशन (मालकाने कामगाराच्या निवृत्ती निधीत भरायची रक्कम) धरून वार्षिक ८०,००० डॉलर" असे लिहिले आहे. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास भरती, प्रायोजकत्व आणि नामांकन (त्या पदासाठी कंपनीने सरकारकडे करायचा अर्ज) यांचा संपूर्ण खर्च भावाने कंपनीला परत करायचा, असेही एक कलम त्यात आहे. शिवाय ज्या मध्यस्थामार्फत हे जुळले, तो "स्पॉन्सरशिप मिळवून दिल्याचे" सहा लाख रुपये मागतो आणि पावती देणार नाही म्हणतो. त्यासाठी शेतजमीन गहाण ठेवण्याचे बोलणे घरात सुरू झाले आहे. मालकाशी पटले नाही तर भावाला लगेच परत यावे लागेल का, हीदेखील आम्हाला काळजी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पर्थनिवासी:
जमीन गहाण ठेवण्याचा विचार आधी थांबवा. प्रायोजकत्वाच्या बदल्यात पैसे मागणे किंवा घेणे ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१५ पासून बेकायदा आहे, आणि असे पैसे देऊ करणारा किंवा देणाराही त्याच कायद्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे उद्या हा व्यवहार उघडकीस आला तर भावाचा व्हिसाच धोक्यात येईल. नोंदणीकृत स्थलांतर सल्लागाराने अर्ज भरण्याचे शुल्क घेणे वेगळे. तो लेखी करार करतो, पावती देतो आणि त्याचा नोंदणी क्रमांक कोणालाही संकेतस्थळावर पडताळता येतो.

आता पगाराकडे पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये या व्हिसाचे स्वरूप बदलून तो "स्किल्स इन डिमांड" झाला, क्रमांक मात्र ४८२ हाच राहिला. त्यातील ज्या मुख्य प्रवाहात डिझेल मेकॅनिक येतो, त्यासाठी किमान वार्षिक वेतन जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षाकरिता ७६,५१५ डॉलर ठरले आहे आणि ही मर्यादा दर जुलैला वाढते. या मर्यादेत सुपरॲन्युएशन धरले जात नाही, राहण्याच्या सोयीची किंमत धरली जात नाही आणि हमी नसलेला ओव्हरटाइमही धरला जात नाही. सध्याच्या १२ टक्के दराने ८०,००० मधून सुपरॲन्युएशन (थोडक्यात सुपर) वेगळे काढले तर मूळ वेतन सुमारे ७१,४०० डॉलरच उरते, म्हणजे हा मसुदा जसाच्या तसा गेला तर नामांकन मंजूर होणार नाही. शिवाय त्याच कामासाठी त्याच ठिकाणी ऑस्ट्रेलियन कामगाराला जे वेतन मिळते, त्यापेक्षा कमी वेतन देता येत नाही. खाणपट्ट्यात डिझेल मेकॅनिकला मोठी मागणी असते, त्यामुळे भावाने संकोच न करता सुपर वगळून मूळ वेतनाचा आकडा लेखी मागावा.

खर्चाच्या कलमाबाबतही नियम स्पष्ट आहे. प्रायोजक म्हणून मान्यता घेण्याचा आणि भरतीचा खर्च, त्यातील सल्लागाराच्या शुल्कासह, कंपनीनेच सोसायचा असतो. नामांकनाबरोबर भरावा लागणारा प्रशिक्षण निधीचा कर लहान कंपनीला वर्षाला १,२०० आणि मोठीला १,८०० डॉलर पडतो, आणि तोही कामगाराकडून वसूल करता येत नाही. कामगाराने स्वतःच्या व्हिसा अर्जाचे शुल्क भरायचे की कंपनीने, एवढेच उभयतांनी ठरवायचे असते.

मेलबर्नहून:
मालकाशी न पटल्यास काय, या प्रश्नाचे उत्तर जुलै २०२४ पासून बरेच दिलासादायक झाले आहे. पूर्वी नोकरी सुटल्यावर ६० दिवसांत नवा प्रायोजक शोधावा लागे. आता एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या संपूर्ण मुदतीत मिळून ३६५ दिवस मिळतात, आणि त्या काळात दुसरीकडे कामही करता येते. व्यवसाय तोच असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर नव्या मालकाने नामांकन मंजूर करून घेतले की पुरते, नवा व्हिसा लागत नाही. तुमचा व्हिसा रद्द करवतो, अशी धमकी देऊन काम करवून घेणे हा त्याच जुलैपासून मालकासाठी फौजदारी गुन्हा ठरला आहे.

कालगुर्लीकर:
वरील माहिती बरोबर आहे, तरी खाणगावात राहणाऱ्यांच्या वतीने एक गोष्ट मांडतो. येथे राहण्याची खोली अनेकदा कंपनीचीच असते, त्यामुळे नोकरी सुटली की निवाराही जातो आणि १८० दिवसांची मुभा भाडे देता देता लवकर संपते. म्हणून पहिल्या काही महिन्यांचे पैसे घरी पाठवण्याऐवजी तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम येथील बँकेत ठेवावी, असे मी प्रत्येक नव्या मुलाला आग्रहाने सांगतो. या व्हिसावर भारतीय नागरिकाला मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही, आरोग्य विमा स्वतः घ्यावा लागतो. कुटुंब नेणार असाल तर सरकारी शाळेच्या शुल्काचीही आधी चौकशी करावी, कारण नियम राज्यागणिक वेगळे आहेत. पत्नीला मात्र कोणतेही काम करण्याची पूर्ण परवानगी असते.

चंद्रपूरकर:
सर्वांचे मनापासून आभार. मध्यस्थाला पैसे न देण्याचे घरात ठरले असून कंपनीला सुधारित मसुद्यासाठी भावाने ईमेल केला आहे. कायम वास्तव्याचा मार्ग या व्हिसातून असतो का?

पर्थनिवासी:
असतो. अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत मान्यताप्राप्त प्रायोजकाकडे त्याच व्यवसायात दोन वर्षे पूर्णवेळ काम झाले असेल, वय ४५ च्या आत असेल आणि मालक नामांकन करण्यास तयार असेल, तर १८६ या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. डिसेंबर २०२४ पासून एकापेक्षा अधिक प्रायोजकांकडील काळही त्या दोन वर्षांत मोजला जातो. त्यासाठी पगाराच्या स्लिपा आणि सुपर जमा झाल्याची विवरणे भावाने पहिल्या महिन्यापासून स्वतःजवळ जपून ठेवावीत. कंपनीचे उत्तर आले की सुधारित कलमांचा मजकूर, नावे वगळून, येथे टाका.